पोस्टग्रेसचा आकडा पुरता लिहा

डॉकर कंपोजच्या (कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसपुढे ‘लेटेस्ट’ लिहून मोकळं होऊ नका, 16.4 असा व्हर्जनचा पुरता आकडा टाका. आकडा बदलाल तेव्हा त्याचं गिट कमिट (बदलाची नोंद) स्वतंत्र ठेवा, बाकीची साफसफाई त्यात घुसडू नका. रात्री काही बिघडलं तर काय बदललं ते गिट लॉग सांगतो, टीममेटला झोपेतून उठवावं लागत नाही.

16.4 वरून 16.6 ला जाताना सहसा इमेज (कंटेनरचा साचा) बदलून कंटेनर नव्याने उभा केला की भागतं. 16 वरून 17 हे मात्र वेगळंच प्रकरण: जुन्या डेटा फोल्डरवर नवा सर्व्हर सुरूच होत नाही, पीजी_डंपने डेटा काढून नव्या सर्व्हरमध्ये भरणं किंवा पीजी_अपग्रेडने तो नव्या व्हर्जनला नेणं, यातलं एक करावंच लागतं. डेटा कुठल्या व्हर्जनचा अशी शंका असेल तर त्याच फोल्डरमधली ‘पीजी_व्हर्जन’ फाइल उघडा. आत नुसतं 16 लिहिलेलं दिसेल.