रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये कार लिफ्ट: आधी जमीन, मग मशीन

लिफ्टचा भाव विचारण्याआधी टेप घ्या आणि फरशीपासून बीमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा. स्लॅबपर्यंतची नको. नवी मुंबईतल्या रो-हाऊसमध्ये स्लॅब दहा फुटांवर असला तरी बीम त्याच्या फूट-दीड फूट खाली असतो, आणि वर गेलेल्या गाडीचं टप त्यालाच आपटतं. पंखा, ट्यूबलाइट, शटरचा ड्रम, पाण्याचे पाइपही धरा.

आता हिशेब. स्विफ्टची उंची १५२०-१५३० मिमी, क्रेटाची १६३५, फॉर्च्युनरची १८३५. गाडीखाली उभं राहून काम करायचं तर चाकं जमिनीपासून १७०० मिमी वर हवीत. त्यात गाडीची उंची आणि वर १०० मिमी मोकळी जागा मिळवली की स्विफ्टला जवळपास ११ फूट लागतात, फॉर्च्युनरला १२. क्रेटा खाली, स्विफ्ट वर अशा दोन गाड्या ठेवायच्या तर मधल्या प्लॅटफॉर्मसकट साडेअकरा फूट. एवढी उंची नसेल तर १.२ मीटर उचलणारी सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या उघडणाऱ्या पायांची) घ्या. स्विफ्टसाठी तिला सव्वानऊ फूट पुरतात. स्टुलावर बसून ब्रेक, सस्पेन्शन, ऑइल बदलणं आरामात होतं. तिचा तोटा एकच: यंत्रणा गाडीच्या पोटाखाली मधोमध येत असल्याने गिअरबॉक्स उतरवायला जागा मिळत नाही.

टू-पोस्टमध्ये दोन बाजूंच्या दोन कॉलमना (खांबांना) जोडलेले लोखंडी हात गाडी उचलतात, गाडीचं पोट पूर्ण मोकळं राहतं, म्हणून खरं काम करणाऱ्याला तीच बरी. पण फरशीची सगळ्यात कडक परीक्षा तीच घेते. नुसतं पार्किंग वाढवायचं असेल तर चार खांबांची फोर-पोस्ट घ्यावी. गाडी चाकांवरच उभी राहते आणि वजन चार ठिकाणी वाटलं जातं.

फरशीवर इतका जोर का? १६०० किलोची गाडी टू-पोस्टवर चढली की प्रत्येक कॉलमच्या वाट्याला ८०० किलो येतात, तेही कॉलमवर सरळ नाही, तर हाताच्या टोकाला, साधारण ६०-७० सेंटीमीटर आत. कॉलम आतल्या बाजूला झुकू पाहतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट वर ओढले जातात. हा ओढा मिळून दीड टनाच्या आसपास जातो. बोल्ट सहसा तुटत नाही, तो भोवतालच्या काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा घेऊन उपटून येतो.

वाशी, ऐरोली, कोपरखैरणे या भागांत बरीच जमीन खाडीकाठी भराव टाकून केलेली आहे. भराव दबतो, फरशीखाली पोकळी होते, आणि वरून टाइल चकचकीत दिसते. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला जमीन बहुधा कडक मिळते, पण पावसात डोंगरउतारावरचं पाणी पार्किंगमध्ये शिरू शकतं. दोन्हीकडे, कॉलम येणार तिथे टाइल काढून १२ मिमीचं भोक पाडा आणि काँक्रीटची जाडी तारेने मोजा. ७५ मिमीचा कोबा निघाला तर त्यावर काहीही बसवू नका. पार्किंगखाली भूमिगत पाण्याची टाकी किंवा ड्रेनेजचा चेंबर आहे का हे मूळ नकाशात पाहा. टाकीच्या झाकणस्लॅबवर, किंवा खाली मजला असलेल्या कोणत्याही स्लॅबवर, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मंजुरीशिवाय लिफ्ट नको.

नवा पाया करायचा तर दोन्ही कॉलमखाली सलग पट्टा ओता. भरावाच्या जमिनीसाठी ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद, २५० मिमी जाड हा अंदाज धरा, अंतिम मापं इंजिनिअरची. खाली रबल सोलिंग (दगडांचा थर) आणि १०० मिमी पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट), वर १० मिमी सळईची १५० मिमी अंतराची जाळी खाली-वर दोन थरांत, आणि एम-२५ ताकदीचं काँक्रीट. दीड घनमीटर काँक्रीटला सिमेंटच्या ११-१२ गोण्या लागतात. काँक्रीट ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि २८ दिवस पूर्ण झाल्याशिवाय अँकर (भोकात फुलून पकड घेणारे बोल्ट) ठोकू नका. विक्रेता आठवड्यात मशीन पाठवतो म्हणाला तरी तारीख पुढे ढकला. कच्च्या काँक्रीटमध्ये अँकर फुलतो, पण पकड धरत नाही.

सिझरसाठी खड्डा करण्याचा मोह टाळा. खाडीकाठी भूजल वर असतं, भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की खड्डा भरतो. फरशीवर बसणारंच मॉडेल घ्या.

बसवताना आधी खडूने गाडीची मध्यरेषा आखा. कॉलम उभे केल्यावर ओळंब्याने दोन्ही दिशांनी तपासा. कॉलमच्या पायाच्या बेसप्लेटखाली फट असेल तर लोखंडी शिम (पातळ पट्ट्या) घाला, पण एकूण १२ मिमीच्या वर नको. त्याहून जास्त लागत असतील तर पाया चुकला आहे. बेसप्लेटमधूनच, सरळ काटकोनात, हॅमर ड्रिलने भोक पाडा. मग ब्लोअरने धूळ पूर्ण उडवा. हेच काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि उरलेल्या धुळीत अँकर घसरतो. भोकं स्लॅबच्या कडेपासून आणि तड्यापासून किमान १५० मिमी दूर. नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा, आकडा मॅन्युअलमधला.

मोटर साधारण २.२ किलोवॅटची असते. सिंगल फेजवर ती १४-१५ अँपिअर घेते, सुरू होताना कैक पट. म्हणून मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमी तांब्याची वायर, सी-कर्व्ह एमसीबी (सुरू होतानाचा जादा करंट सहन करणारा), आरसीसीबी (विजेची गळती होताच तोडणारा) आणि स्वतंत्र अर्थिंग द्या. महावितरणचा मंजूर भार पुरतो का ते बिलावर पाहा. पॉवर युनिट (मोटर आणि पंप) पावसाच्या पाण्याच्या पातळीच्या बरंच वर बसवा.

पहिल्यांदा रिकामी लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली करून हायड्रॉलिकमधली हवा काढा. दोन्ही बाजूंचे लॉक एकाच वेळी टक् करून बसले पाहिजेत. एक आधी वाजला तर दोन्ही बाजू सारख्या उचलणारी इक्वलायझर केबल सैल आहे. मग गाडी घ्या, हातांवरचे पॅड गाडीच्या कंपनीने दाखवलेल्या जॅकिंग पॉइंटवरच लावा, चाकं ३०० मिमी वर येताच थांबा आणि बंपर धरून हलवा. स्थिर असेल तरच पुढे जा, आणि काम सुरू करण्याआधी लिफ्ट लॉकवर टेकवा. तेलाच्या दाबावर टांगलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. वीसेक वेळा वापरल्यावर सगळे नट पुन्हा टॉर्कने तपासा. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासत राहा. खारट हवेत केबल आतून गंजते, म्हणून मे महिन्यात वंगण द्या आणि एक जरी तार तुटून उभी राहिलेली दिसली तर केबल बदला.