दारू आणि विडी सोडताना मेंदूचे श्वेतद्रव्य कसे जपावे

मेंदूचा जवळपास निम्मा भाग श्वेतद्रव्याचा असतो. मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणारे लांब तंतू त्यातून जातात, आणि या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असल्यामुळे संदेश वेगाने पोहोचतात. वर्षानुवर्षे भरपूर दारू पोटात गेली की या आवरणाची हानी होते, श्वेतद्रव्याचे आकारमान घटते आणि त्याची सर्वाधिक झळ कपाळामागच्या भागाला व मेंदूची दोन्ही अर्धुके जोडणाऱ्या जाड पट्ट्याला बसते. स्वतःला आवरणे, ठरवलेले पाळणे ही कामे कपाळामागच्या याच भागावर अवलंबून असतात. म्हणून "मनात आणलेस तर आज सुटेल" असे पिणाऱ्याला सुनावणे मला अन्यायाचे वाटते.

विडी-सिगारेटचा मार्ग निराळा आहे. श्वेतद्रव्याच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. धुरामुळे त्या कडक व अरुंद होतात, शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो. एमआरआयमध्ये दिसणारे पांढरे डाग बहुधा याच उपासमारीचे असतात. रक्तदाब आणि मधुमेह यांमुळेही तेच डाग वाढतात, तेव्हा महागड्या तपासणीच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.

सुरुवात प्रमाण मोजण्यापासून करावी. 42.8 टक्के मद्यार्काच्या 180 मिलिलिटर क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि एका बैठकीत तेवढा घेणे जागतिक आरोग्य संघटना अतिमद्यपानात धरते. वेंगुर्ले-सावंतवाडीकडे काजूच्या हंगामात हुर्राक (काजूच्या बोंडांच्या रसाची दारू) सौम्य समजून तिचे पेले कोणी मोजत नाही, आणि गावठीवर तर टक्केवारी लिहिलेलीच नसते. दोन्ही हिशेबात धराव्यात. ब्रिटनमधील 36 हजारांहून अधिक प्रौढांच्या मेंदूचित्रांवर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या एक-दोन पेयांचाही मेंदूच्या घटलेल्या आकारमानाशी संबंध आढळला होता.

त्यानंतर माणसाकडे नीट पाहावे. ओटीवर जाळे सांधत बसलेला माणूस पूर्वी बोलता बोलता गाठी मारत असे आणि आता कोणी काही विचारले की त्याचा हात थांबतो, किंवा होडीत चढताना तो पाय फाकवून, चाचपडत टाकतो, तर हे केवळ वयाचे आहे असे समजून सोडून देऊ नये. गोंधळलेपणा, चालताना तोल जाणे आणि डोळ्यांना दुहेरी दिसणे यांपैकी काहीही पिणाऱ्या माणसात अचानक दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण ही जीवनसत्त्व ब-1 च्या तीव्र कमतरतेची लक्षणे असू शकतात. डॉक्टरांना पिण्याचे प्रमाण न लपवता सांगावे. त्यांना ते ठाऊक असेल तर ग्लुकोजच्या सलाइनआधी किंवा त्यासोबत ब-1 चे इंजेक्शन देता येते.

सर्वांत जास्त जपावे ते सोडण्याच्या पहिल्या आठवड्यात. सकाळी हात कापतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात अशा माणसाने दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत त्याला झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. "या फेरीला पिणार नाही" असे ठरवून ट्रॉलरवर चढणे म्हणूनच घातक आहे, कारण भर समुद्रात झटका आला तर किनारा कित्येक तास दूर असतो. मासेमारी बंद असण्याचा 1 जून ते 31 जुलै हा काळ यासाठी योग्य. एरवी याच दिवसांत रिकामपणामुळे पिणे वाढते. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ यांना आधी भेटून औषधांच्या आधाराने सोडावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

विडी त्याच वेळी सोडता आली तर उत्तम. दारू सोडूनही धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांची स्मरणशक्ती व विचारांचा वेग मंदगतीने सुधारतो असे आढळले आहे. तंबाखूमुक्तीसाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. "विडी बंद, आता मिश्री" ही तडजोड मात्र स्वीकारू नये.

दारू पूर्ण बंद राहिली तर पहिल्या काही आठवड्यांपासूनच श्वेतद्रव्याचे आकारमान काही अंशी भरून येऊ लागते आणि ही सुधारणा पुढे कित्येक महिने चालते. सगळे मात्र परत येतेच असे नाही. या काळात जेवण नियमित असावे. उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी यांतून थोडे ब-1 मिळते, पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची जागा ती घेऊ शकत नाहीत. मासेमारीबंदीचे महिने संपतात तोच गणपतीला चाकरमानी येतात आणि बाटलीही येते. तेव्हा घरातल्या कोणीतरी मुंबईला आधीच फोन करून, बाटली आणू नका, असे स्पष्ट सांगून ठेवावे.