दुर्बिणीतला ठिपका लांबट आहे हे कळतं कसं? पडवीत करून पाहा

लाईट गेली की वैतागू नका. पडवीत खरा काळोख तेव्हाच असतो, आणि या प्रयोगाला तोच लागतो.

इतोकावा हा लघुग्रह १९९८ साली सापडला. लांबी जेमतेम ५३५ मीटर, त्यामुळे मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका. तरी तो लांबुळका आहे आणि सुमारे १२ तासांत स्वतःभोवती फिरतो, हे यान पोचायच्या आधीच ठाऊक होतं.

एक लांबट बटाटा सोला. तो आडवा धरून माडाची हीर मधोमध उभी आरपार घाला, वरच्या टोकाला दोरा बांधून वाशाला टांगा. दोऱ्याला पंधरा-वीस पीळ देऊन कुणाला तरी धरायला सांगा. तुम्ही चार पावलं मागे. बॅटरी कानाशी धरून उजेड बटाट्यावर टाका, चष्मा असेल तर काढा, नसेल तर डोळे बारीक करा. आकार पुसला जाऊन ठिपकाच उरला पाहिजे. आता पीळ सोडा.

कूस समोर आली की ठिपका उजळतो, टोक आलं की मंदावतो. एका फेरीत दोनदा. इथेच गफलत होते: दर उजळण्याला एक फेरी मोजली तर काळ निम्माच येतो. पहिल्यांदा मीही तसाच फसलो होतो.

मग बटाट्याच्या बरोबर खाली उताणे पडा. तोच बटाटा, तीच गिरकी, पण उजेड हलत नाही! म्हणून एकच लघुग्रह वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या बाजूंनी पाहावा लागतो.

आत काय आहे, त्याला मात्र यानच हवं. जपानचं हायाबुसा २००५ मध्ये तिथे पोचलं. यानावरच्या ओढीवरून वस्तुमान कळलं, छायाचित्रांवरून घनफळ. घनता निघाली घनसेंटिमीटरला १.९ ग्रॅम, त्याच जातीच्या उल्केची असते सुमारे ३.२. म्हणजे आत जवळजवळ ४० टक्के पोकळी.

लिटरभर डब्यात खडी काठोकाठ भरा आणि मापाने पाणी ओता. जांभ्याचे तुकडे नकोत, जांभा स्वतःच पाणी पितो. काळी खडी घ्या. माझ्या डब्यात ४०० मिलिलिटरच्या आसपास गेलं. इतोकावा असाच दगडगोट्यांचा ढीग आहे.

हायाबुसाची कुपी १३ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियात उतरली. आत इतोकावावरचे दीड हजारांवर कण, बहुतेक ०.०१ मिलिमीटरहून बारीक. खडी उपसल्यावर तळाला राहिलेला गाळ बोटाला लावून पाहा. त्यातला जो कण नुसत्या डोळ्याला सुटा दिसेल, तो त्यांच्यापेक्षा मोठाच.