सुझुकीतला आगाऊ डाग: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला ४-ब्रोमोबेन्झाल्डिहाइड आणि फिनाईलबोरॉनिक आम्ल यांची सुझुकी जोडणी (पॅलेडियम कॅटॅलिस्ट वापरून दोन रेणूंचे कार्बन जोडणारी अभिक्रिया) करत होतो. टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या डागांनी दाखवणारी पट्टी) दरवेळी सगळ्यात वर एक आगाऊ डाग. आधी संशय पॅलेडियमवर. महागडा कॅटॅलिस्ट उगाच वाढवून बघितला (गाईडची बोलणी खाल्ली ती वेगळीच). शेवटी कॉलममधून (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी भरलेली नळी) तो पदार्थ वेगळा काढून वाळवला, तर ६९ अंशांना वितळला. बायफिनाईल, दोन फिनाईल गट एकमेकांना जुळलेले! म्हणजे ब्रोमो संयुग बिचारं निर्दोष. हवेतल्या ऑक्सिजनमुळे बोरॉनिक आम्लच आपसात जुळत होतं. मग ऑक्सिजन घालवायला डायऑक्झेन-पाण्यातून (हा द्रावक) अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे सोडले, पॅलेडियम त्यानंतरच घातलं. डाग जवळपास गेला. अल्डिहाइड गट शाबूत राहिला, त्यावरच पुढे इमाइन (अल्डिहाइड आणि अमाइनपासून होणारं संयुग) केलं. ब्रोमोबेन्झाल्डिहाइडची बाटली मात्र घट्ट बंद ठेवा, हवेत त्याचं हळूहळू आम्ल होतं.