टोकनमध्ये पगार घेण्याआधी ब्लॉकचेन प्रोजेक्ट कसा तपासावा

ब्लॉकचेन प्रोजेक्टकडून ऑफर आली आणि पगाराचा काही भाग टोकनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या डिजिटल नाण्यात, देऊ म्हणाले, की बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून नुकतंच बाहेर पडलेल्या मुलामुलींनी हुरळून जाणं साहजिक आहे. होकार कळवण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. व्हाइटपेपर, म्हणजे प्रोजेक्टचं माहितीपत्रक, शेवटी वाचा, त्यात फक्त मनसुबे असतात. आधी पाहायचं ते हे, की नियम बदलण्याची किल्ली कोणाकडे आहे.

टोकन इथेरियम या ब्लॉकचेनवर असेल तर अधिकृत साइटवरून कॉन्ट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता घेऊन इथरस्कॅनवर, म्हणजे इथेरियमच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, टाका. कॉन्ट्रॅक्टच्या टॅबवर हिरवी खूण नसेल तर सोर्स कोड पडताळलेला नाही, तिथेच थांबा. असेल तर कोडमध्ये 'मिंट' (नवी टोकन काढणं), 'पॉज' (व्यवहार थांबवणं), 'ब्लॅकलिस्ट' (एखादा पत्ता गोठवणं) शोधा. ही फंक्शन्स असली म्हणजे लबाडी आहे असं नव्हे. डॉलरशी भाव बांधलेल्या यूएसडीसी या टोकनमध्येही पत्ता गोठवण्याची सोय आहे. ती चालवतो कोण, हे महत्त्वाचं. 'रीड कॉन्ट्रॅक्ट'मध्ये बहुतेकदा 'ओनर'चा पत्ता सापडतो. तो एकाच किल्लीने उघडणाऱ्या साध्या वॉलेटचा (डिजिटल पाकिटाचा) असेल तर सगळ्यांचे पैसे एका माणसाच्या भरवशावर आहेत. मल्टिसिग, म्हणजे अनेकांच्या सह्यांनी चालणारं वॉलेट, असेल तर कितींपैकी किती सह्या लागतात ते पाहा, आणि सह्या करणारे खरोखर वेगवेगळे आहेत का तेही. मार्च 2022 मध्ये रोनिन ब्रिजच्या (दोन ब्लॉकचेनमध्ये पैसे हलवणाऱ्या सेवेच्या) 9 पैकी 5 व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहारांवर सही करणारे, चोरांच्या ताब्यात गेले. त्यातले 4 एकाच कंपनीचे होते. 60 कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली.

इथरस्कॅनवर 'रीड ॲज प्रॉक्सी' दिसलं तर कोड बहुधा मागाहून बदलता येतो. मग टाइमलॉक, म्हणजे बदल जाहीर झाल्यापासून लागू होईपर्यंतची सक्तीची मुदत, किती आहे ते विचारा. 48 तास असेल तर लोकांना पैसे काढायला सवड मिळते. काहीच नसेल तर ऑडिट (बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी) झालेला कोड उद्या तोच राहील याची हमी नाही. ऑडिटचा अहवालही ऑडिट करणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या, आणि त्यातला कमिट हॅश (तपासलेल्या कोडच्या आवृत्तीचा ओळखक्रमांक) चालू कोडशी जुळतो का ते तपासा.

घेतलेल्या टोकनची विक्री होते का, हे इथरस्कॅनवरच्या व्यवहारांच्या यादीत दिसतं. 2021 मध्ये स्क्विड गेम टोकनचा भाव चढत होता, पण घेणाऱ्यांना तो विकता येत नव्हता.

आता आकडे. समजा एकूण 100 कोटी टोकन आहेत, बाजारात 8 कोटी फिरताहेत आणि भाव 5 रुपये आहे. मार्केट कॅप, म्हणजे बाजारातल्या टोकनची एकूण किंमत, 40 कोटी दिसतं, पण सगळी टोकन धरली तर त्याच भावाने ते 500 कोटी होतं. तेराव्या महिन्यात संस्थापकांची 15 कोटी टोकन सुटणार (विकायला मोकळी होणार) असतील तर बाजारातला पुरवठा 8 वरून 23 कोटींवर जाईल. मागणी तेवढी वाढली नाही तर भाव टिकणार नाही. म्हणून व्हेस्टिंगचा, म्हणजे कोणाची टोकन कधी सुटतात याचा, तक्ता मागाच. तो द्यायला जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडे जाऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) फक्त रीडमी, म्हणजे माहितीची फाइल, बदलल्याचे कमिट (बदलांच्या नोंदी) असतील, किंवा दुसऱ्याचा कोड नाव बदलून ठेवला असेल, तर तिथे शिकण्यासारखंही काही नाही.

ठरलेल्या परताव्याचं आश्वासन मिळालं तर पुढे काही न तपासता नकार द्या. जानेवारी 2018 मध्ये कोसळलेल्या बिटकनेक्ट या क्रिप्टो योजनेत रोज सुमारे 1 टक्का परताव्याची भाषा होती, आणि आपल्या गुजरातेत त्यात पैसे घातलेले पुष्कळ होते. रोज 1 टक्का चक्रवाढीने वर्षात एक लाखाचे जवळपास 38 लाख होतात. असा धंदा कुठे असतो?

ऑफर लेटरमध्ये टोकनची संख्या, क्लिफ (पहिली टोकन हाती येण्याआधीची मुदत) आणि नोकरी सोडल्यास काय, हे लेखी घ्या. टोकन अजून बाजारात आलेलं नसेल तर त्याची किंमत शून्य धरून, नुसत्या रोख पगारात सयाजीगंजमधल्या खोलीचं भाडं आणि महिन्याचा खर्च भागतो का, ते पाहा. 1 एप्रिल 2022 पासून टोकन विकून झालेल्या नफ्यावर 30 टक्के कर आणि वर सेस (करावरचा उपकर) लागतो. एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.