पाळीच्या नोंदवहीत ‘खोळंबा’ कसा लिहावा

रबाळे, महापे, तुर्भे या ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या पट्ट्यातील कारखान्यांत पाळी संपताना जी नोंदवही भरली जाते, तिच्यात उत्पादनाविना गेलेल्या वेळेसाठी ‘रिकामा वेळ’, ‘बंद’, ‘आयडल’, ‘डाउनटाइम’ हे शब्द हाताला येतील तसे लिहिले जातात. माझ्या मते या वेळेसाठी ‘खोळंबा’ हा नेमका मराठी शब्द आहे.

काम चालू असायला हवे होते, करणारा हजर होता, तरीही काहीतरी अडल्यामुळे ते थांबले, तर तो खोळंबा. जेवणाची सुट्टी आणि आधी ठरवलेली देखभाल त्यात धरू नये. मशीनच बिघडले तर ‘डाउनटाइम’ आणि मशीन धड असून माल किंवा वीज नसेल तर ‘आयडल टाइम’ असा भेद पुष्कळ ठिकाणी करतात. तो हवा असल्यास ‘बिघाडाचा खोळंबा’ आणि ‘मालाअभावी खोळंबा’ असे लिहावे.

या शब्दाचे व्याकरण समजून घेण्यासारखे आहे. ‘सिग्नलच्या बिघाडामुळे प्रवाशांचा खोळंबा झाला’ हे वाक्य ठाणे स्थानकावर कोणालाही समजते: ज्याचे अडते त्याला ‘चा’ लागतो, ज्याने अडते त्याला ‘मुळे’. ‘खाडा’ मात्र माणूस करतो, आणि त्याचा पगार कापला जातो. म्हणून खोळंब्याच्या जागी ‘कामगार रिकामा’ लिहिणे ही केवळ भाषेची चूक राहत नाही, कारण त्यामुळे दोष भलत्याच्याच माथी जातो. मी स्वतः एकदा तसे लिहिले होते. प्रेसला दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला होता आणि प्रेसवरचा ऑपरेटर पट्टा येईपर्यंत डाय (साचा) पुसत, तेल देत उभा होता. दुसऱ्या दिवशी नोंदीवर बोट ठेवून त्याने विचारले, “साहेब, मी रिकामा कुठे होतो?” मी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली:

‘प्रेस क्र. ३. १०.२० ते ११.०५. कॉम्प्रेसरचा पट्टा तुटल्यामुळे कामाचा खोळंबा, ४५ मिनिटे.’

मशीन, दोन्ही वेळा, कारण आणि मिनिटे एवढे आले की नोंद पुरी झाली. वेळ घड्याळ पाहून त्याच क्षणी टिपावी. पाळीअखेर आठवून लिहिलेल्या नोंदीत बहुधा ‘अर्धा तास’ असे ठोकळ आकडे येतात आणि पाच-सात मिनिटांचे लहान खोळंबे तर हमखास सुटतात.

हिशेब करताना ८ तासांच्या पाळीच्या ४८० मिनिटांतून जेवणाची ३० आधी वजा करावीत. उरलेल्या ४५० मिनिटांपैकी ४५ खोळंब्यात गेली, म्हणजे मशीन ९० टक्के वेळ चालले. जेवणाची सुट्टीही खोळंब्यात धरली, तर ४८० पैकी ७५ मिनिटे वाया गेलेली दिसतात आणि तेच मशीन सुमारे ८४ टक्क्यांवर घसरते.

कारण लगेच कळले नसेल, तर ‘कारण तपासात’ असे लिहून जागा मोकळी ठेवावी आणि दुरुस्ती करणाऱ्याकडून ती भरून घ्यावी.