चंद्र, ग्रह आणि सूर्य यांची छायाचित्रे घेताना या चुका टाळा

पौर्णिमेला काढलेल्या पहिल्या छायाचित्रात बहुतेकांना चंद्राच्या जागी नुसती पांढरी टिकली मिळते. रात्र आहे म्हणजे प्रकाश कमीच असणार, हा समज त्याच्या मुळाशी असतो; प्रत्यक्षात चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या भागावर भर दुपारचे ऊन असते. कॅमेरा स्वयंचलित ठेवला, की तो भोवतालच्या काळ्या आकाशाचा हिशेब धरून शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवतो. त्याऐवजी एफ/११ (भिंगाच्या छिद्राचे माप), आयएसओ १०० (प्रकाशसंवेदनशीलता) आणि १/१२५ सेकंद (शटरचा वेळ) येथून सुरुवात करावी. शिवाय पौर्णिमेला विवरांच्या सावल्या दिसत नाहीत, म्हणून मला तो दिवस छायाचित्रणासाठी सर्वांत निरस वाटतो. शुद्ध दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटर रुंदीच्या कोपर्निकस विवरात सावली भरलेली असते आणि त्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती उठून दिसतात. तो दिवस चुकवू नये.

ग्रहांचे एकच स्थिरचित्र काढून थांबणे ही दुसरी चूक. व्हिडिओ घ्यावा आणि त्यातील हजारो फ्रेममधून हवा क्षणभर स्थिरावलेली असतानाच्या स्पष्ट फ्रेम ‘ऑटोस्टॅकर्ट’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने निवडून एकमेकींवर रचाव्यात. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरत असल्याने त्याचा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवला, तर पट्ट्यांमधील बारकावे पुसट होतात.

तरीही चित्र धूसर येत असेल, तर नवा कॅमेरा घेण्याआधी पायाखाली पाहावे. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर संध्याकाळी गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलत असे, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. तीच दुर्बीण अंगणातील गवतावर मांडल्यावर पट्टे वेगवेगळे दिसू लागले. घरातून बाहेर आणलेली दुर्बीण निदान अर्धा-पाऊण तास हवेशी जुळू द्यावी आणि ग्रह क्षितिजापासून बराच वर आल्यावरच व्हिडिओ घ्यावा.

सूर्याच्या बाबतीतली चूक मात्र डोळ्यांवर बेतते. नेत्रिकेत, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात, बसवायचे जुने सौरफिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकू शकतात, आणि एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच मुळीच सुरक्षित नाही. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्याने निघणार नाही असा घट्ट बसवावा आणि मुख्य दुर्बिणीवरील छोट्या शोधक दुर्बिणीलाही झाकण लावावे. दुर्बिणीतून डोळ्याने थेट पाहण्यासाठी घनता (प्रकाश अडवण्याचे माप) ५ असलेली सौरफिल्मच वापरावी, कारण ती प्रकाशाचा केवळ एक लक्षांश भाग आत सोडते, ३.८ घनतेची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते. प्रत्येक वेळी फिल्टर आधी प्रखर दिव्यासमोर धरून पाहावा, आणि टाचणीच्या टोकाएवढे जरी छिद्र चमकले, तरी तो फेकून द्यावा.